मधुमेह-लठ्ठपणावर संशोधन करायचंय? गाइडच्या हाताखाली शिकताना पैसे देणाऱ्या फेलोशिप, बारावीपासून पीएच.डी.नंतरपर्यंत कुठे काय मिळतं, वाचा सविस्तर

घरातलं पोरगं बी.एस्सी. झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. बी.एड. करायचं, तलाठी भरतीची तयारी करायची, की एखाद्या कंपनीत चिकटायचं? 'संशोधन' हा शब्द चुकून निघालाच तर "एवढी वर्षं शिकायला पैसे कोण देणार?" या एका वाक्यात विषय मिटतो. म्हणून आधी हिशेबच पाहू. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. नंतर काम समाधानकारक असेल तर उरलेली तीन वर्षं महिन्याला ४२ हजार. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. पाच वर्षांची बेरीज होते २४ लाख रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. हे कर्ज नाही, परत फेडायचं नाही.

मात्र यातले बहुतेक पैसे एकट्याने अर्ज करून हातात पडत नाहीत. आधी मार्गदर्शक लागतो, ज्याला सगळे 'गाइड' म्हणतात. काही योजनांमध्ये अर्जावरच गाइडची संमती लागते, काहींत निवड झाल्यावर ठरावीक मुदतीत गाइड गाठावा लागतो. आपल्याकडची बरीच हुशार पोरं नेमकी इथंच अडकतात. जाहिरात हाती लागते तेव्हा शेवटची तारीख आठ दिवसांवर असते आणि गाइडचा पत्ता नसतो.

हा विषय आपलाच का?

खाल्लेल्या अन्नातून शरीर ऊर्जा काढतं, लागेल तेवढी वापरतं, उरलेली साठवतं. या सगळ्या कारभाराला चयापचय म्हणतात. हा कारभार बिघडला की होणारे आजार म्हणजे मधुमेह, लठ्ठपणा, दारू न पिणाऱ्यालाही होणारं फॅटी लिव्हर, रक्तातली वाढलेली चरबी. मुलींमधल्या पीसीओएसचाही याच्याशी जवळचा संबंध आहे.

"शुगर हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार" हे आता जुनं झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लाखाहून जास्त लोकांची तपासणी त्यात होती. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यातून निघाला. शहरात प्रमाण १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळपास सारखंच, १५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे पुढची भर खेड्यातून पडू शकते.

या विषयातलं जगभर गाजलेलं एक काम तर आपल्या राज्यातल्या खेड्यांतच झालं. १९९३ पासून पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बायकांची गरोदरपणापासून नोंद ठेवायला सुरुवात केली. बाळांची वजनं घेतली, कातडीखालची चरबी मोजली. इथल्या बाळाचं सरासरी वजन होतं २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. आपलं बाळ वजनाला, उंचीला, स्नायूला कमी भरलं, पण अंगातल्या चरबीत त्या मानानं फारसं कमी नव्हतं. दिसायला बारीक, आतून चरबी राखून असलेलं बाळ. शास्त्रज्ञ त्याला 'थिन-फॅट' बाळ म्हणू लागले. आईनं हिरव्या पालेभाज्या, फळं किती वेळा खाल्ली आणि पोटुशी असताना शेतात-घरात किती राबली, याचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला. पुढे हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आईच्या रक्तातल्या बी-१२ च्या कमतरतेचा धागाही हाती आला. त्या नोंदी ठेवायला, रक्ताचे नमुने सांभाळायला, घरोघर जायला माणसं लागली. बाईला कांदे काढणीच्या दिवसांत घरी गाठायचं असेल तर किती वाजता जावं, हे जिल्ह्यातल्या पोराला पुस्तकात वाचावं लागत नाही. या क्षेत्रात तेही एक शिक्षणच आहे.

बारावी आणि पदवीच्या वेळी

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती (उच्च शिक्षणाची) आहे. बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानात पदवी घेणाऱ्यांना वर्षाला ८० हजार रुपये. यातले ६० हजार खर्चासाठी आणि २० हजार उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे संशोधन प्रकल्प करण्यासाठी असतात. हे २० हजार मिळवायला प्रकल्पाचा अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र लागतं. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र हे विषय यात बसतात. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी बसत नाही. मधुमेहाकडे जायचं असेल तर जीवरसायनशास्त्र हा सगळ्यात सरळ रस्ता.

दुसरी संधी देशातल्या तीन विज्ञान अकादमींची (बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज) मिळून चालणारी उन्हाळी संशोधन फेलोशिप. दोन महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचं, मानधन आणि प्रवासखर्च मिळतो. यात गाइड अकादमीच जोडून देते, त्यामुळे ओळख नसलेल्या पोरांसाठी ही उत्तम. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू असतात. आपल्या कॉलेजच्या शिक्षकाची शिफारस आणि तुम्हाला काय करायचंय याचं छोटं टिपण लागतं. पदवीच्या पहिल्या वर्षी अनेकांना हे माहीतच नसतं आणि माहीत होतं तोवर शेवटचं वर्ष उजाडतं. कॉलेजचे शिक्षकही अर्ज करू शकतात.

एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. आपल्याच कॉलेजातल्या प्राध्यापकाला गाइड करायचं, दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करायचा, अहवाल मंजूर झाला की पैसे आणि प्रमाणपत्र. बीएएमएस करणाऱ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेनं २०२२ मध्ये 'स्पार्क' योजना आणली. दोन महिने, महिन्याला २५ हजार.

पीएच.डी.साठी : मुख्य पैसा इथं

जीवशास्त्रातल्या मुलांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही मुख्य परीक्षा. साधारण वर्षातून दोनदा होते. एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. एमबीबीएस, बी.फार्म. झालेलेही पात्र आहेत, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. बायोटेक्नॉलॉजीवाल्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची वेगळी जेआरएफ परीक्षा असते. या विभागालाही इंग्रजी आद्याक्षरांवरून डीबीटी म्हणतात. पीएम-किसानचे पैसे खात्यावर येतात तो डीबीटी वेगळा, गल्लत करू नका.

'नेट पास' आणि 'जेआरएफ' यातला फरक समजून घ्या. २०२४ पासून निकालात तीन गट असतात. पहिल्या गटाला जेआरएफ, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, तिन्ही. दुसऱ्याला शेवटच्या दोन गोष्टी. तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी गुण. महिन्याचे पैसे पहिल्याच गटाला. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, तेवढ्यात गाइड आणि विद्यापीठ ठरवावं लागतं. जेआरएफच्या पत्रालाही मुदत असते. ते हातात घेऊन गावभर पेढे वाटले, सत्कार झाले, आणि गाइड न मिळाल्यानं मुदत चुकली तर पेढ्यांचा खर्च तेवढा अंगावर राहतो.

जेआरएफ हुकली म्हणून दार बंद होत नाही. राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. या संस्थांकडे अर्ज करताना पीएच.डी.ची नोंदणी झालेली लागते, म्हणजे गाइड इथंही आधीच. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत.

आणखी एक रस्ता आहे, थोडा आडवळणाचा पण खात्रीचा. मोठ्या प्रयोगशाळांना सरकारी प्रकल्प मिळतात आणि त्या प्रकल्पावर एम.एस्सी. झालेल्यांना प्रोजेक्ट असोसिएट म्हणून ठरावीक काळासाठी घेतात. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते, बहुतेक वेळा फक्त मुलाखत असते. एक-दोन वर्षं हातात पगार, काम शिकणं आणि गाइडशी ओळख. पुण्यात आयसर, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईत आयसीएमआरची प्रजनन व बाल आरोग्य संस्था, वर्ध्याला सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, नागपुरात एम्स. या संस्थांची 'भरती' पानं महिन्यातून एकदा मोबाइलवर उघडून बघायला काही लागत नाही.

पीएच.डी. झाल्यावर

इथली मुख्य योजना म्हणजे राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. पूर्वी ती 'सर्ब' चालवायचं. २०२३ च्या कायद्यानं त्याच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, आलं. दोन वर्षांची फेलोशिप, वय ३५ पर्यंत. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांना ५ वर्षांची सूट. अर्जातच मेंटॉरचं नाव आणि संमती लागते. तो देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेत कायम नोकरीत असायला हवा. आयुष्यात एकदाच मिळते.

दुसरी मोठी योजना इंडिया अलायन्सची. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ मध्ये ती सुरू केली. तिची अर्ली करिअर फेलोशिप ही नव्या संशोधकांसाठी, यजमान संस्थेतल्या मार्गदर्शकासह. डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांसाठी वेगळा गट आहे, त्यात एमडी, एमएस डॉक्टरला पीएच.डी.ची अट नाही. ग्रामीण रुग्णालयात काम करता करता "माझ्याकडे येणारा शुगरचा पेशंट एवढा हडकुळा का?" असा प्रश्न पडलेल्या डॉक्टरनं ही योजना जरूर बघावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. एकूण १,५०० कोटी रुपये, त्यातले १,००० कोटी भारत सरकारचे आणि ५०० कोटी वेलकमचे. निवड कठीण आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

तालुक्याच्या कॉलेजात नोकरीला असलेल्या प्राध्यापकांसाठी सर्बनं 'टेअर' नावाची योजना आणली होती. नोकरी न सोडता वर्षातले काही दिवस मोठ्या संस्थेत मेंटॉरकडे जाऊन संशोधन करायचं, मुदत तीन वर्षं. नवी जाहिरात आहे का, ते एएनआरएफच्या संकेतस्थळावर पाहावं.

परदेशाबद्दल थोडक्यात. युरोपच्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला कुठल्याही देशाचा पीएच.डी.धारक अर्ज करू शकतो. पीएच.डी.नंतर ८ वर्षांच्या आत, आणि ज्या देशात जायचं तिथं मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. अमेरिकेत मेंटॉरसह मिळणाऱ्या अनुदानांना 'के' पुरस्कार म्हणतात. त्यातले बरेच तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहेत. 'के-९९' मात्र तिथं आधीच पोस्टडॉक करत असलेल्या परदेशी संशोधकालाही खुला ठेवलेला आहे. आधी मेंटॉरच्या हाताखाली, मग स्वतःची प्रयोगशाळा, अशी त्याची दोन टप्प्यांची रचना. इथून थेट अर्ज करायची ती गोष्ट नाही.

गाइड शोधायचा कसा?

बहुतेकांना वाटतं ओळख लागते. ओळखीनं काम सोपं होतं हे खरं, पण शास्त्रज्ञांचे ईमेल पत्ते त्यांच्या संस्थेच्या पानावर उघड असतात, आणि नीट लिहिलेल्या ईमेलला उत्तर येतं. सगळ्यांकडून नाही, दहातल्या एका-दोघांकडून आलं तरी काम झालं.

'पबमेड' ही वैद्यकीय संशोधनाची फुकट यादी मोबाइलवर उघडते. त्यात विषय आणि शहराचं नाव इंग्रजीत टाका. गेल्या तीन-चार वर्षांत ज्यांचे लेख आलेत त्यांची नावं वहीत लिहा. प्रत्येकाच्या एका लेखाचा सारांश वाचा. इंग्रजी जड जातं, पण डिक्शनरी घेऊन एक सारांश दोन तासांत वाचून होतो. मग ईमेल लिहा, तेही दहा ओळींच्या आत. तुम्ही कोण, कुठल्या कॉलेजात, किती टक्के. त्यांच्या कुठल्या कामाबद्दल लिहिताय आणि त्यातलं काय कळलं. तुम्हाला काय हवंय, म्हणजे उन्हाळ्याचे दोन महिने, प्रोजेक्टची जागा की पीएच.डी. आणि कुठल्या फेलोशिपला अर्ज करणार आहात. सोबत एका पानाचा बायोडेटा. "रिस्पेक्टेड सर" म्हणून एकच मजकूर चाळीस जणांना एकदम पाठवला तर तो उघडतही नाही कुणी. गाइड मॅडम असतील तर त्यांना सर म्हणू नका, हेही होतं. दोन आठवडे थांबा, एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. पीएच.डी.ला जायच्या आधी निदान सहा महिने हे सुरू करावं.

होकार आला की तुम्हीही चौकशी करा. सोयरीक जुळवताना आपण चार ठिकाणी विचारतो ना, तसंच. त्यांच्याकडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारा : पीएच.डी. किती वर्षांत झाली? रसायनं, चाचण्यांचा खर्च प्रकल्पातून होतो की पोरांना करावा लागतो? लेखावर विद्यार्थ्याचं नाव पहिलं येतं का? आठवड्यातून एकदा तरी गाइड भेटतो का? मोठ्या नावाच्या, सतत विमानात असणाऱ्या गाइडपेक्षा रोज प्रयोगशाळेत दिसणारा मध्यम नावाचा गाइड बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाइड घरची कामं सांगतो, पैसे मागतो असं कानावर आलं तर तिथं जाऊ नका, विद्यापीठ कितीही मोठं असलं तरी.

पैसे, कागद आणि फसवणूक

फेलोशिप म्हणजे नोकरी नव्हे. भविष्य निर्वाह निधी नाही, कायम होण्याची हमी नाही. आणि पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असं नाही. कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. शहरात खोलीचं भाडं आणि मेस थांबत नाही, म्हणून रुजू होताना तीन महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी असू द्या. घरच्यांनाही हे आधी सांगा, नाहीतर "३७ हजार कुठं गेले?" असा वाद होतो.

ओबीसींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. केंद्राच्या योजनांना जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज करतानाच तसं सांगा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी तपासा, कारण राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळी आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच असावं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे अर्ज यात हमखास अडकतात.

परीक्षेची फी सोडली तर या योजनांपैकी कुठल्याही योजनेत निवडीसाठी पैसे भरावे लागत नाहीत. "फेलोशिप मिळवून देतो, आधी एवढे पाठवा" असं व्हॉट्सॲपवर सांगणारा माणूस लुबाडायलाच बसलेला असतो. पैसे देऊन प्रबंध लिहून देणारे आणि लेख छापून देणारेही फिरत असतात. तसं पकडलं गेलं तर मिळालेली पदवीही जाऊ शकते.

मुलींच्या घरच्यांसाठी शेवटची माहिती. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार पीएच.डी. करणाऱ्या महिलेला बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळते आणि पीएच.डी. पूर्ण करायला इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त मिळतात. जेआरएफच्या वयोमर्यादेतही महिलांना ५ वर्षांची सूट आहे. लग्न ठरलं म्हणून नोंदणी रद्द करायला निघालेल्या मुलीनं आधी विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन हा नियम विचारावा.